व्हॅक्यूम क्लीनर धूळ ओढतो की हवा ती ढकलते? मुलांसोबत करून पाहण्याचे प्रयोग

दिवाळीच्या साफसफाईसाठी व्हॅक्यूम क्लीनर माळ्यावरून खाली आला की घरातली मुलं त्याच्या मागेमागे फिरतात. हे यंत्र काय करतं, असं त्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "धूळ ओढतं." शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवताना कितीतरी वर्षं मीही हेच सांगत आले. पण हवेला काहीच ओढता येत नाही, ती फक्त ढकलते. यंत्रातला पंखा आतली हवा मागून बाहेर फेकतो, त्यामुळे नळीतला दाब थोडा उतरतो आणि खोलीतली जास्त दाबाची हवा त्या नळीत घुसते. घुसताना वाटेतली धूळ सोबत नेते.

"ओढतं" हा शब्द सुटून "ढकललं जातं" हा शब्द मुलाच्या तोंडी आला की स्ट्रॉ, औषधाचा ड्रॉपर, सिरिंज, टाइल्सना चिकटणारा रबरी हूक या सगळ्यांचं कोडं एकदम सुटतं. म्हणून यंत्र उघडून भागांची नावं पाठ करून घ्यायची घाई करू नका. यंत्र शेवटी. आधी पाण्याचा ग्लास, मग पिठाची गिरणी, मग यंत्र, आणि नंतर मुलांनी स्वतः बनवलेला बाटलीचा क्लीनर, हा क्रम मला सगळ्यात लागू पडलेला आहे. सात ते बारा वयाच्या मुलांसाठी दोन-तीन रविवारच्या दुपारी पुरतात.

एक नियम पहिल्या दिवशीच घाला. प्रत्येक प्रयोगाआधी "काय होईल असं वाटतं?" हे मुलाने वहीत लिहायचं, मगच हात लावायचा. लहान असेल तर तुम्ही लिहून घ्या. अंदाज चुकला तरी खोडायचा नाही. चुकलेल्या अंदाजासमोर बसून मूल जेवढा विचार करतं, तेवढा बरोबर आलेल्या उत्तरासमोर करत नाही.

पहिली पायरी: दोन स्ट्रॉ

ग्लासभर सरबत आणि दोन स्ट्रॉ घ्या. एका स्ट्रॉने सरबत प्यायला द्या आणि विचारा, सरबत वर कसं आलं? "मी ओढलं." ठीक. आता दोन्ही स्ट्रॉ तोंडात धरायला सांगा, पण एकच सरबतात बुडवायची, दुसरीचं टोक ग्लासच्या बाहेर. ओठ दोन्हींभोवती घट्ट. मूल जीव तोडून ओढतं, गाल आत जातात, आणि सरबत वर येतच नाही.

इथे लगेच उत्तर सांगू नका. बाहेरच्या स्ट्रॉच्या टोकावर बोट ठेवायला सांगा. सरबत सरसर वर येतं. बोट काढलं की परत खाली. चार-पाच वेळा हे केल्यावर बहुतेक मुलं स्वतःच म्हणतात की दुसऱ्या स्ट्रॉमधून हवा तोंडात शिरत होती. मग विचारा: तुझी ताकद तर तेवढीच होती, मग सरबत वर कोण चढवत होतं? ग्लासातल्या सरबतावर बाहेरची हवा सतत दाबत असते. तोंडातला दाब कमी झाला की ती सरबताला स्ट्रॉमधून वर ढकलते. तोंडात हवा शिरू दिली की दाब दोन्हीकडे सारखा होतो आणि ढकलणं थांबतं.

हवा खरंच एवढी दाबते का, ही शंका यायलाच हवी. वहीत पट्टीने एक सेंटिमीटर बाजूचा चौरस काढायला लावा. समुद्रसपाटीला एवढ्याशा जागेवर हवेचा भार साधारण १ किलोचा असतो. साखरेची किलोची पिशवी त्या चौरसावर उभी आहे असं समजा. मग तळहात चेपत कसा नाही? कारण हवा खालूनही तेवढीच दाबते आणि शरीराच्या आतूनही तेवढाच दाब असतो. काठोकाठ भरलेल्या ग्लासवर जाड गुळगुळीत कार्ड ठेवून, हाताने धरून, तो मोरीत उलटा करा आणि हात काढून घ्या. पाणी पडत नाही. कार्डाला खालून हवेने उचलून धरलेलं असतं.

दुसरी पायरी: गवंड्याचा लेव्हल पाइप

बांधकामावर गवंडी दोन भिंतींची पातळी जुळवायला पाणी भरलेला पारदर्शक पाइप वापरतात. तसला तीन मीटर नवा पाइप हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. बारीक घ्या, पाच-सहा मिलिमीटर आतल्या व्यासाचा. स्वच्छ धुऊन त्याचं एक टोक पिण्याच्या पाण्याने भरलेल्या पातेल्यात बुडवा. पातेलं जिन्याच्या खाली, मूल जिन्यावर. पाइपवर दर दहा सेंटिमीटरला पेनने खूण करा. प्रत्येक मुलाने तोंड लावायच्या आधी पाइपचं टोक धुवायचं.

आता किती उंच पाणी चढतं ते बघा. पाणी १० मीटर चढवायचं तर तोंडातली जवळजवळ सगळी हवा काढावी लागेल, कारण हवेचा पूर्ण दाब साधारण १०.३ मीटर उंच पाण्याचा स्तंभ पेलतो. म्हणजे दर मीटरला ढोबळमानाने दहा टक्के. तुमच्या मुलीने पाणी एक मीटरवर आणलं, तर तिने पाइपमधला दाब दहा टक्क्यांनी उतरवला. आमच्या सोसायटीतल्या मुलांची मजल मीटर-सव्वा मीटरपर्यंत जाते आणि मग गाल दुखतात.

हा आकडा वहीत जपून ठेवा. बऱ्याच घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात २० किलोपास्कलच्या (किलोपास्कल हे दाब मोजायचं एकक) आसपासचा आकडा असतो. हवेचा दाब साधारण १०१ किलोपास्कल. म्हणजे नळीचं तोंड पूर्ण बंद असताना यंत्र दाब फार तर वीस टक्क्यांनी उतरवतं, दोन मीटर पाणी चढेल एवढा. व्हॅक्यूम म्हणजे निर्वात पोकळी, पण आतमध्ये पोकळी नसतेच, ऐंशी टक्के दाब शिल्लक असतो. सातवीतल्या मुलांना हे गणित फार आवडतं: हजार-दीड हजार वॅटचं यंत्र, आणि त्याचा जोर दोन मुलांच्या गालांएवढा! मग यंत्राचं विशेष कशात? मूल एका दमात थांबतं. यंत्र न थांबता, मोठ्या नळीतून, सेकंदाला कित्येक लिटर हवा वाहती ठेवतं.

(यंत्राने पाणी चढवून बघायचं मुलांच्या मनात येणारच. साध्या, कोरड्या कचऱ्याच्या यंत्रात पाणी गेलं तर विजेचा धक्का बसू शकतो. हे तेव्हाच आणि कडक शब्दांत सांगा.)

तिसरी पायरी: पिठाच्या गिरणीत

हवा आत आली, सोबत धूळ आली. आता हवेला बाहेर सोडायचं आणि धूळ आत ठेवायची. हे कसं, ते बघायला मुलांना गिरणीत घेऊन जा. दळणाचा डबा घेऊनच जा, म्हणजे उभं राहायला कारण मिळतं.

जात्यातून पीठ जिथे बाहेर पडतं, तिथे एक लांब कापडी बाही बांधलेली असते. तिचं खालचं तोंड डब्यात सोडलेलं. गिरणी सुरू झाली की ती बाही फुगते, आत पिठासोबत हवाही येते म्हणून. मुलांना त्या फुगलेल्या बाहीजवळ, पट्ट्यापासून लांब उभं करून, तळहात तिच्यापासून वीतभर धरायला सांगा. कोमट हवा लागते, हाताला पीठ मात्र अगदी नावाला. जाड विणीच्या त्या कापडाच्या आरपार हवा निघून जाते, पीठ आतल्या बाजूने चिकटतं, आणि मधूनमधून गिरणीवाले काका बाहीवर चापट मारतात तेव्हा धप्पकन डब्यात पडतं. चापट का मारतात, हे मुलांनी त्यांनाच विचारावं. कापडाची छिद्रं पिठाने बुजली की हवेला वाट राहत नाही.

व्हॅक्यूम क्लीनरची कापडी पिशवी म्हणजे हीच बाही. पिशवी अर्धी भरली की यंत्राचा जोर का कमी होतो, हे आता वेगळं समजवावं लागत नाही.

घरी आल्यावर ओट्यावर चाळण्यांची रांग लावा: गव्हाची चाळण, रव्याची चाळण, मैद्याची चाळण, शेवटी मलमलचा तुकडा. वाटीभर रव्यात चमचाभर हळद मिसळून एकेकातून चाळा. कुठे काय अडकलं ते लिहा. हळदीचा पिवळा रंग कुठपर्यंत पोचतो ते डोळ्यांना दिसतं, आणि बारीक धूळ पिशवीतूनही निसटू शकते हे पटतं. म्हणून चांगल्या यंत्रांत शेवटी हेपा फिल्टर असतो. ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण तो किमान ९९.९७ टक्के अडवतो. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड, यावरून कणाचा अंदाज करा. मोठ्या मुलांना एवढं जरूर सांगा की हेपा ही नुसती बारीक चाळण नाही. त्यातल्या तंतूंच्या जंगलातून हवा वळणं घेत जाते, कणांना ती वळणं जमत नाहीत आणि ते तंतूंना आदळून चिकटतात.

पिशवी नसलेल्या यंत्रात धूळ गोल फिरवून वेगळी करतात. यासाठी खोलगट पातेल्यात गोटी टाका आणि पातेलं गोल हलवा. वेग वाढला की गोटी भिंतीवर चढून कडेने पळते, मंदावला की तळाशी येते. धुळीचंही तसंच, कण भिंतीला लागून खाली डब्यात जातात आणि स्वच्छ हवा मधून निघते. जेम्स डायसन या ब्रिटिश संशोधकाने असं यंत्र नीट जमेपर्यंत ५,१२७ नमुने बनवले. धूळ कडेला जाते हे समजवायला चहाची पत्ती पाण्यात ढवळून मात्र दाखवू नका. मी एकदा दाखवली, आणि पत्ती कडेला जायच्या ऐवजी तळाच्या मध्यभागी गोळा झाली. तळाशी पाणी भांड्याला घासून मंदावतं आणि आतल्या दिशेने वाहतं, ते पत्तीला मध्ये नेतं. छान कोडं आहे, पण दुसऱ्या दिवसासाठी.

चौथी पायरी: आता यंत्र

आधी प्लग काढा, आणि काढलेला प्लग मुलाच्याच हातात द्या. नळी, डबा किंवा पिशवी, फिल्टर, मागची जाळी हे सगळं मुलांनी उघडून बघायचं. मोटर उघडायची नाही. "हवा कुठून आत, कुठून बाहेर?" हा रस्ता बोटाने दाखवून मग वहीत बाणांनी काढायचा. मागच्या जाळीकडे मुलांचं लक्ष जात नाही. हवा बाहेर जायला वाट नसेल तर आत येणारच नाही, हे ती जाळी दाखवून सांगा.

सुरू करण्याआधी सक्त ताकीद: नळी डोळे, कान, तोंड, केस यांच्याजवळ न्यायची नाही. ओढणी, मोकळे केस बांधून घ्या.

रुमाल. सगळ्यांत आधी हा प्रयोग, कारण यंत्राचा जन्मच यातून झाला. १९०१ च्या सुमारास लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं. धूळ उडायची आणि परत खाली बसायची. उलट केलं तर, या विचाराने त्याने उपाहारगृहातल्या खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्यावर तोंड टेकलं आणि जोरात श्वास आत घेतला. त्याला ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धूळ जमली होती. त्याचं पहिलं यंत्र घोडागाडीवरून यायचं, रस्त्यावर उभं राहायचं आणि खिडक्यांतून लांब नळ्या घरात सोडल्या जायच्या.

तोंडाने नको, नळीने करा. पांढरा सुती रुमाल नळीच्या तोंडावर ताणून रबरबँडने पक्का बांधा, नाहीतर तो आत जाईल. मुलांनी "अगदी स्वच्छ आहे" असं ठरवलेली सोफ्याची गादी निवडा. मोजून तीस सेकंद नळी फिरवा, यंत्र बंद करा, मग रुमाल सोडून उलटा करा. नळीच्या तोंडाएवढं राखाडी वर्तुळ उमटलेलं असतं, कडेला फिकं, मध्ये गडद, त्यात एखादा केस आणि चादरीचे रंगीत तंतू. भिंग असेल तर आणा. आमच्याकडच्या एका मुलाने असे रुमाल पायपुसणं, पडदा, पुस्तकांचं कपाट, पंख्याचं पातं अशी नावं लिहून दोरीवर ओळीने लावले होते. तुम्हीही लावा.

कागदाची पट्टी. बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी नळीच्या तोंडापासून हातभर लांब धरा. ढिम्म हलत नाही. जवळ आणत गेलं की अगदी चार बोटांवर आल्यावर खेचली जाते. (बघा, माझ्याही तोंडी "खेचली" आलं. मुलं अशा वेळी मला थांबवून "ढकलली!" म्हणतात.) तीच पट्टी मागच्या जाळीसमोर लांब धरली तरी फडफडते. असं का? बाहेर फेकलेली हवा एका दिशेने झोतासारखी जाते. आत जाणारी हवा मात्र तोंडाच्या सगळ्या बाजूंनी येते, म्हणून थोड्याच अंतरावर तिचा वेग नाहीसा होतो. नळी गादीला टेकवूनच का फिरवायची, ते आईबाबांनाही इथेच कळतं.

तळहात आणि आवाज. माझा सगळ्यांत आवडता. नळीच्या तोंडावर तळहात ठेवला तर मोटरचा आवाज कसा बदलेल? वहीत लिहा. जवळपास सगळेच लिहितात, "मोटर दमेल, आवाज बसेल." हात ठेवा. आवाज उलट चढतो, बारीक होतो, मोटर जास्त वेगाने फिरू लागते.

मुलांना स्वयंपाकघरात न्या. मिक्सर रिकामा फिरवला तर किंचाळतो, भिजवलेली डाळ घातली की त्याचा आवाज खाली येतो. मिक्सरमध्ये आणि वायरवर चालणाऱ्या बहुतेक व्हॅक्यूम क्लीनरमध्ये एकाच जातीची मोटर असते. पंख्याचं काम हवा फेकणं. नळी बंद झाली की फेकायला नवी हवा येत नाही, काम हलकं होतं आणि पंखा मोकाट फिरतो. छताचा पंखा मिनिटाला तीनशे-चारशे फेरे घेतो, ही मोटर वीस हजारांच्या वर. हात पाच-दहा सेकंदांत काढून घ्या, कारण बऱ्याच यंत्रांत वाहती हवाच मोटरला थंड ठेवते. नळीत पायमोजा अडकल्यावर असाच आवाज येतो, म्हणून तो कानात बसलेला बरा.

ताट उचलणं. नळीचं गोल तोंड स्टीलच्या सपाट ताटाच्या मध्यभागी टेकवा आणि उचला. आधी गणित करून घ्या. तोंडाचा व्यास ३.२ सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ साधारण ८ चौरस सेंटिमीटर. बाहेरून दर चौरसावर एक किलो, आतून ०.८ किलो, फरक ०.२. आठने गुणलं की १.६ किलो. कडेने हवा शिरते, त्यामुळे प्रत्यक्षात कमी उचललं जाईल. ताटावर एकेक वाटी ठेवत जा आणि खाली उशी ठेवा.

याच वेळी विचारा, हे यंत्र महाबळेश्वरला नेलं तर? तिथली उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास, हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण पंधरा टक्के कमी. ढकलणारी हवाच विरळ, म्हणून यंत्राचा जोरही तेवढा उतरतो. आणि चंद्रावर? तिथे ढकलायला हवाच नाही. मोटर फिरेल, धूळ जागची हलणार नाही. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्राची धूळ झाडायला ब्रश नेला होता.

पाचवी पायरी: बाटलीचा क्लीनर

अमेरिकेत ओहायोमध्ये जेम्स मरे स्पँगलर नावाच्या सफाईकाम करणाऱ्या गृहस्थाला धुळीने दम्याचा त्रास व्हायचा. त्याने १९०७ च्या सुमारास पंख्याची मोटर, साबणाचं खोकं, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र जोडून हातात धरण्याजोगं यंत्र बनवलं. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं. मुलांना ही यादी वाचून दाखवली की ती लगेच घरात सामान शोधायला पळतात. आपल्याकडेही पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याची वाट दाखवून ठेवलेली आहे.

सामान: एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली, १२ व्होल्टची छोटी डीसी मोटर (पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल), जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर, शीतपेयाचा ॲल्युमिनियमचा डबा, मलमल, रबरबँड, ग्लू गन, चिकटपट्टी.

बाटली तळापासून दहा सेंटिमीटरवर कापा. तळाला तापवलेल्या खिळ्याने पंधरा-वीस भोकं पाडा, ही मागची जाळी. हे काम मोठ्यांचं. ॲल्युमिनियमचा पत्राही तुम्हीच कापा, कडा धारदार असतात. बाटलीच्या आत अर्धा सेंटिमीटर मोकळा राहील एवढी गोल चकती, तिला कडेकडून आत आठ चिरा, मध्यभाग अखंड. मग प्रत्येक पातं एकाच दिशेला थोडं पिळायचं. हे मुलांना हातमोजे घालून करू द्या. चकती मोटरच्या दांड्यावर अगदी मध्यात चिकटवा. जरा बाजूला गेली तरी सगळी बाटली थरथरते, तेव्हा घाई करू नका. मोटर तळाच्या आत चिकटवा, पंखा बाटलीच्या तोंडाकडे, तारा भोकातून बाहेर.

वरच्या भागाच्या कापलेल्या कडेवर मलमल ताणून रबरबँड लावा आणि तो भाग तळाच्या भागात सरकवा. कापड आणि पंखा यांत दोन-तीन सेंटिमीटर अंतर हवं. पुढे नळी लावायचा मोह टाळा, या पंख्याला तेवढा जोर नसतो. बाटलीचं तोंड हेच क्लीनरचं तोंड.

सुरू केल्यावर हवा तोंडातून बाहेर येत असेल तर घाबरू नका, मोटरच्या दोन तारांची अदलाबदल करा, पंखा उलट फिरेल. थर्मोकोलचे मणी, वहीच्या कागदाचे बारीक कपटे, राजगिऱ्याच्या लाह्या यांनी सुरुवात करा, मग चुरमुरा, मग रवा. कुठे हार मानतो ते वहीत लिहा.

जोर कमी वाटला तर बहुधा सांध्यातून हवा गळत असते. उदबत्ती पेटवा आणि मोठ्यांनी ती बाटलीपासून चार बोटं लांब धरून सांध्याभोवती हळूहळू फिरवा. जिथे फट असेल तिथे धुराची रेघ आत वळते. मुलांनी तिथे बोट ठेवायचं, तुम्ही चिकटपट्टी लावायची. धूर फक्त पुढच्या तोंडातून आत जाऊन तळाच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत पट्ट्या लावत राहा, आणि मग राजगिऱ्याच्या लाह्या पुन्हा पसरा.